वरच्या दाराची पाळी

बुधवार, १३ नोव्हेंबर
(हे पान आज लिहून वहीच्या सुरुवातीला चिकटवलं आहे. ओन्नो, आधी हे वाच.)

काय घडलं, ते क्रमाने:

१. ७ ऑक्टोबरला मी श्टुटगार्टला रिकेकडे राहायला आले.
२. तिचा घोटा मोडला होता, म्हणून १२ तारखेला तिच्या पाळीची झाडलोट मी केली.
३. झाडून झाल्यावर पाळीची पाटी मी चुकीच्या दारावर टांगली.
४. तेव्हापासून त्या दारामागचं कुणीतरी झाडतं आहे.
५. पहिल्या मजल्यावरचे त्साइजर आता नाहीत. तळमजल्यावरच्या फ्लाइडररबाईही नाहीत. ते होते, हे फक्त मला आठवतं.
६. रिके आहे. आज सकाळीही आहे.
७. शुक्रवारी तिचं प्लास्टर निघेल. त्याच दिवशी तिला घेऊन मी एम्डेनला येते आहे.

तू बोटीवर असतोस, फोन लागत नाही, म्हणून ही वही पाठवणार आहे. पुढची पानं त्या त्या दिवशी लिहिली तशीच आहेत.

तुझी बहीण, गेस्के


सोमवार, ७ ऑक्टोबर

पोचले. रिकेच्या घरापर्यंत रस्ता जात नाही. खालच्या गल्लीपासून वरच्या गल्लीपर्यंत टेकडीच्या अंगावरून दगडी पायऱ्यांची वाट जाते, इथले लोक तिला श्टॅफेले म्हणतात, आणि त्या वाटेच्या मध्यावर घर. मी सामान घेऊन खाली उभी राहिले, तर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून रिकेने कुबडी हलवली आणि सगळ्या उताराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "आली बाई माझी सपाट मुलखाची राणी! श्वास शिल्लक आहे का?" मग तिने दोराला बांधलेली टोपली खाली सोडली. टोपलीत लोणी लावलेलं ब्रेत्सेल होतं. आधी ते खायचं, मग त्याच टोपलीत बॅग ठेवायची, असा हुकूम झाला. ब्रेत्सेल उत्तम होतं. बॅग दोनदा भिंतीवर आपटली.

वसतिगृहातल्या आम्ही दोघी मैत्रिणी पाच वर्षांनी भेटतो आहोत, पण तिच्यात फरक पडलेला नाही. ज्यांची पावलं वाकडी किंवा पाय लहानमोठे असतात, अशा माणसांसाठी ती बूट बनवते, आणि आता तिचाच पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. याच पायऱ्यांवरच्या ओल्या पानांवरून ती घसरली. त्या आठवड्यात झाडायची पाळी तिची होती आणि तिने झाडलं नव्हतं, त्यामुळे शेजारपाजारची सहानुभूती जरा हात राखूनच मिळते आहे, असं तिने सांगितलं.

आमच्याकडच्या समुद्रबांधाच्या मोजणीचं माझं नवं काम नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होईल. तोपर्यंत रिकेची बाजारहाट करायची आणि उरलेल्या वेळात हे शहर पायी बघायचं. मला पायी बघितल्याशिवाय गाव कळत नाही. मोजणीच्या कामाने लागलेली सवय.

रिकेने जाता-येता घ्यायची एक काळजी सांगितली. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत, पावसात तिथे पाणी साचतं. तेव्हा कडेने चालायचं.


बुधवार, ९ ऑक्टोबर

शहर कढईसारखं आहे. तळाशी स्टेशन आणि बाजार, चारी अंगांना चढ, आणि चढांवर घरं, बागा, अगदी स्टेशनच्या डोक्यावर द्राक्षमळे. आज एका पायवाटेने उतरले, हेस्लाख वस्तीपर्यंत गेले, दुसरीने चढले. प्रत्येक श्टॅफेलेचा दगड वेगळा, कठडा वेगळा. काही ठिकाणी लोकांच्या परसातून गेल्यासारखं वाटतं: दोरीवर चादरी, खिडकीत स्वयंपाकाचा वास, अंजिराचं झाड. बाजाराजवळ मसूर आणि श्पेत्स्ले खाल्लं. आमच्याकडे मसूर कुणी असा नूडल्सबरोबर खात नाही, पण थंडीत चांगला लागतो.

परत येताना पहिल्या मजल्यावरच्या त्साइजरांची ओळख झाली. टेकडी चढणारी दातेरी रुळांची गाडी त्यांनी आयुष्यभर चालवली. ते आपल्या बोक्याला, पेटरलेला, पायरीवर बसून मासा भरवत होते. मी उत्तरेकडच्या सपाट एम्डेनची, हे कळताच म्हणाले, "म्हणजे गाईनं शेण टाकल्यावरच तुम्हाला डोंगर बघायला मिळत असेल!" मी म्हटलं, तो डोंगर निदान आपोआप वाळतो, तुमच्या डोंगरांसारखा घाम काढत नाही. त्यांना ते फार आवडलं. लगेच रविवारी द्राक्षमळ्यात वाइन प्यायला चल म्हणाले.

एक गोष्ट लक्षात आली. आमचं घर बारा क्रमांकाचं. त्याच्या वरचं सोळा. या बाजूला समच क्रमांक, पण मध्ये चौदा नाही, तिथे नुसती भिंत आहे, टेकडी थोपवणारी. तिच्या दगडांच्या सांध्यांत शेवाळाचा कण नाही, कडा काल घडवल्यासारख्या. बाकी साऱ्या उतारावर शेवाळ आहे. त्साइजर म्हणाले, तिथे कधीच घर नव्हतं, नगरपालिकेला आकडे येत नाहीत.

संध्याकाळी तळमजल्यावरच्या फ्लाइडररबाईंकडून शिडी आणली. ऐंशीच्या पुढच्या, ताठ. एकट्या राहतात, पण टेबलावर दोन कप मांडलेले होते. पाहुणे येणार असतील तर नंतर येते, असं मी म्हटलं. "कोण येतंय मरायला! सवय हो," त्या म्हणाल्या.


शनिवार, १२ ऑक्टोबर

आज झाडलं.

रिकेच्या दाराच्या खिळ्यावर रविवारपासून लाकडी पाटी लटकत होती. ज्याच्या दारावर पाटी, त्याची त्या आठवड्याची झाडलोट: घराचा जिना आणि बाहेरच्या पायऱ्या, थेट खालच्या गल्लीपर्यंत. आधीच्या पाळीला पाय मोडून घेतलेली रिके यावेळी फारच ओशाळली होती. पाहुणीला केर काढायला लावते म्हणतील, म्हणाली. मी म्हटलं, फुकट राहतेच आहे, एवढं तर करू दे. फ्लाइडररबाई दारात उभ्या राहून सूचना देत होत्या. वरून खाली झाडायचं, कोपरे सोडायचे नाहीत, गल्लीतली शेवटची पायरीही आपलीच. "आणि तुमच्याकडे वारा झाडतो, तसं इथं चालत नाही हं, बाई!"

काम चांगलं झालं. पानांचा ढीग खालच्या डब्यात रिकामा केला.

मग पाटी पुढे द्यायची होती. रिके गोळी घेऊन झोपली होती, तिला उठवलं नाही. फ्लाइडररबाईंकडून ती त्साइजरांकडे आली होती, त्यांच्याकडून रिकेकडे. म्हणजे क्रम खालून वर. वर माळ्याशी एक दार आहे. त्यावर नाव नाही, पण बाकी दारांवर आहे त्याच उंचीवर पाटीसाठी खिळा आहे. दारासमोरच्या फरशीवर बोटभर धूळ होती. ती मी झाडली नाही, कारण आमची हद्द आमच्या मजल्याला संपते आणि तिथली धूळ तिथल्या माणसाची. पाटी टांगली आणि खाली आले. क्रम म्हणजे क्रम.


रविवार, १३ ऑक्टोबर

त्साइजरांबरोबर द्राक्षमळ्यातून चालत पलीकडच्या गावात गेले. तिथे वाइन करणारी माणसं या दिवसांत घराबाहेर झाडू टांगतात. झाडू दिसला की सरळ आत जायचं आणि त्यांच्या बैठकीच्या खोलीत, अनोळखी लोकांच्या खांद्याला खांदा लावून बसायचं. शेजारच्या बाईने माझी ताटली स्वतःच भरली. एवढ्याशा खाण्यावर टेकडी चढायची नसते, पोरी, असं म्हणत तिने वर सारण भरलेलं आणखी एक माउलटाशे ठेवलं. त्साइजर सगळ्यांना माझा शेणाचा डोंगर सांगत होते.

मी सहज म्हटलं की काल झाडून पाटी वरच्या दारावर टांगली. त्यांनी ऐकलं नसावं असं मला वाटलं, कारण ते हसतच होते. मग त्यांनी विचारलं, कुठल्या दारावर? मी पुन्हा सांगितलं. "नाही पोरी. रिकेकडून ती खाली जाते. फ्लाइडररबाईंकडे. वर नाही." का नाही, हे त्यांना सांगता येईना. त्यांच्या आधीचे भाडेकरूही ते दार गाळायचे, म्हणून तेही गाळतात. भरलेला पेला तसाच ठेवून ते उठले.


मंगळवार, १५ ऑक्टोबर

काल मी वर जाऊन पाटी काढली आणि फ्लाइडररबाईंच्या दारावर टांगली. चूक लक्षात आली, दुरुस्त केली, विषय संपला असं वाटलं. आज सकाळी पाटी पुन्हा वरच्या दारावर होती.

बाईंना वाटलं की मी थट्टा करते आहे. मग त्या चिडल्या. "दुसऱ्याच्या दारावरची पाळी उचलून आणायची? तुमच्याकडे दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खातात का हो?" ज्याच्या दारावर पाटी, त्यानेच झाडायचं आणि त्यानेच ती पुढे द्यायची. त्याशिवाय ती हलत नाही. मी विचारलं, तिथे राहतं कोण? कुणी नाही, त्या म्हणाल्या, आणि आवाज खाली आणला: "पण इथं जो झाडतो ना, तो इथला होतो."

रिकेला सांगितलं. ती इतकी हसली की प्लास्टरमधला पाय दुखला. माळ्यावरच्या भुताला इथल्या लोकांची श्वाबियन शिस्त लागली म्हणाली.


शनिवार, १९ ऑक्टोबर

सकाळी रिकेचं कॉफीचं भांडं घासत होते. जिन्यात काटक्यांच्या झाडूचा आवाज आला. सावकाश, एका लयीत, वरून खाली. आमच्या दारावरून तो पुढे गेला. मी हात पुसून दार उघडलं. आवाज तेव्हा खालच्या मजल्यावर होता. मी उतरले. तो माझ्यापुढे तेवढ्याच अंतरावर राहिला, घराबाहेर गेला, पायऱ्या उतरला. पायऱ्यांवर ऊन होतं. तिथे कुणीही नव्हतं.

पायऱ्या स्वच्छ आहेत. पानं गेली हे समजू शकते. सांध्यांतलं शेवाळही गेलं आहे. झाडूने शेवाळ निघत नाही, त्याला तारेचा ब्रश लागतो.

पाटी वरच आहे. पुढे दिलेली नाही.


बुधवार, २३ ऑक्टोबर

आता आवाज रोज येतो. दुपारी, लख्ख उजेडात.

पायऱ्यांचा खोलगटपणा गेला. मी बॅगेतली पाणसळ आडवी ठेवून बघितली. एकही पायरी झिजलेली नाही, कडा धारदार. शंभर वर्षांच्या पावलांची झीज कुणी झाडून नेऊ शकत नाही. दगड बदललेले नाहीत, त्यांच्यातल्या शिरा मी ओळखते.

रिकेला म्हटलं, तूच तर कडेने चालायला सांगितलं होतंस. ती म्हणाली, "मी? कशाला? सरळ पायऱ्या आहेत की." लोकांच्या पावलांवर जिचं पोट आहे, तिला पायरीची झीज आठवत नाही.

येताना त्साइजर दारात उभे होते. हातात माशाचे तुकडे चिकटलेली बशी. त्यांनी मला विचारलं, ही कुणाची, ठाऊक आहे का. मी म्हटलं, पेटरलेची. ते नम्रपणे हसले, अनोळखी भाषेत कुणी बोलल्यावर हसतात तसे.


रविवार, २७ ऑक्टोबर

त्साइजर नाहीत.

पहिल्या मजल्याचं दार उघडं आहे, आत एकही वस्तू नाही, भिंतीवर खिळ्याचं भोकसुद्धा नाही. घंटीशेजारची नावाची पट्टी कोरी.

रिके म्हणाली, ती राहायला आल्यापासून पहिला मजला रिकामाच आहे. मी शेणाचा डोंगर सांगितला. ती खळखळून हसली आणि म्हणाली, "भारी आहे! कुणी सांगितला तुला?"

पोलीस चौकीत गेले. तिथला तरुण सभ्य होता. त्याने नाव शोधलं, पुन्हा शोधलं. या नावाचा माणूस या पत्त्यावर कधी नोंदलेला नाही. या देशात ज्याची नोंद नाही, त्याला हरवता येत नाही.


बुधवार, ३० ऑक्टोबर

आज मुद्दाम लांब चालले. घरापासून दूर जावं तसं शेवाळ पुन्हा दिसू लागतं, हे तपासायचं होतं. दिसतं, पण गेल्या आठवड्यापेक्षा दूर गेल्यावर. अंजिराचं झाड होतं त्या श्टॅफेलेवर आता झाड नाही. तिथे चादरी नाहीत, वास नाही. दगड नवे. पलीकडे, बाजाराच्या बाजूला, अजून सगळं आहे: कबुतरं, भिंतीवरचं खरडलेलं, जोडी चुकलेला एक हातमोजा.

खालच्या गल्लीतल्या पाववालीने विचारलं, कुठे उतरला आहात? मी बारा क्रमांक सांगितला. "तिकडे? तिकडे घर नाही, बाई. भिंत आहे."

मी बाहेर येऊन वर बघितलं. घर होतं. खिडकीत रिके होती. तिने कुबडी हलवली.


शनिवार, २ नोव्हेंबर

फ्लाइडररबाईंकडे बसले. त्यांनी तिसरा कप काढला.

मी त्साइजरांचं नाव घेतलं, त्यांनी मान हलवली, आठवत नाही. पण मी खोटं बोलते असंही त्या म्हणाल्या नाहीत. "तुम्ही पाहुण्या आहात ना. घरच्यांच्या डोक्यातलं तो झाडून नेतो. पाहुण्याचं डोकं घराच्या हद्दीत येत नाही." मग दुसऱ्या कपाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा मी रोज मांडते. धुते, पुसते, परत मांडते. कुणासाठी ते विचारू नका. मला तेच ठाऊक नाही हो."

शेजारी कधी चौदा क्रमांक असेल का, असं मी विचारलं. असेलही, त्या म्हणाल्या. त्या वेळी कुणी तरी पाटी परत घेतली असणार, नाहीतर आज आपण इथे बसलो नसतो.

कशी घेतली, हे मी खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, रिकेच्या बदल्यात मी झाडलं, तसं त्याच्या बदल्यात दुसऱ्याने झाडलं तर पाटी त्या दुसऱ्याच्या हाती येते. पण सगळं आधीच झाडलेलं असतं. राहते ती एकच जागा. तो सगळ्यांचं झाडतो, स्वतःच्या दारासमोरचं नाही. "आणि पाहुण्याचं चालणार नाही. पाहुण्यानं झाडलेलं यजमानाच्या नावावर जातं. घरचंच माणूस हवं." स्वतःच्या गुडघ्यांकडे बघून त्या म्हणाल्या की त्यांना एवढे जिने चढणं आता होत नाही. मी म्हटलं, मी धरून नेते. त्या म्हणाल्या, सोमवारी बघू.


सोमवार, ४ नोव्हेंबर

बाई तयार नाहीत. घाबरल्या आहेत. आग्रह केला नाही.


शुक्रवार, ८ नोव्हेंबर

तळमजल्याचं दार उघडं. टेबल नाही. खिडकीच्या फळीवर दोन कप, धुऊन पालथे घातलेले.

दुपारी आवाज येऊन गेला. मग तेही नव्हते.

आग्रह करायला हवा होता.


रविवार, १० नोव्हेंबर

काल बुटांच्या कारखान्याच्या मालकाला रिकेने फोन केला, प्लास्टर निघाल्यावर कामावर कधी येऊ विचारायला. तो म्हणाला, या नावाचं इथे कुणी काम करत नाही. ती आधी हसली. काय रे, चेष्टा करतोस का म्हणाली. मग तिने आपल्या आईला फोन केला. आई फार गोड बोलली, अनोळखी मुलीशी बोलावं तसं, आणि चुकीचा नंबर लागला असेल म्हणाली.

संध्याकाळभर रिकेने माझी बाही सोडली नाही. "गेस्के, मी आहे ना गं?"

मी म्हटलं, आहेस.

आज तिला पाठीवर घेऊन पायऱ्या उतरायला लागले. बराच वेळ उतरत होतो. मी थकून थांबले, तरी खालची गल्ली आली नाही. मागे वळून बघितलं तर आमची खिडकी होती तेवढ्याच अंतरावर. एकटी असले की मी दोन मिनिटांत खाली पोचते. थकव्याने असं वाटलं असेल. शुक्रवारी ती स्वतःच्या पायांनी उतरेल.


मंगळवार, १२ नोव्हेंबर

आवाज आमच्या दाराशी थांबला. पुढे गेला नाही. उंबरठ्यावर काटक्या घासल्या, एकदा, दोनदा — चाचपून बघितल्यासारख्या.

रिके मला म्हणाली, माफ करा, तुमचं नाव विसरले.

मग स्वतःच रडली. मग आठवलं.


बुधवार, १३ नोव्हेंबर

सुरुवातीला चिकटवलेलं पान ओन्नोसाठी लिहिलं. लिहिताना लक्षात आलं, शुक्रवार फार लांब आहे.

घरचं माणूस हवं. प्लास्टर घेऊन रिकेला वर झाडता येणार नाही. ठीक आहे. घरचं माणूस कोण, हे या देशात घंटीवरून ठरतं. ज्याचं नाव पट्टीवर, त्याचं टपाल येतं, तो तिथे राहतो. नगरपालिकेत जाऊन या पत्त्यावर माझी नोंद केली. मग कागदाची पट्टी नीट कापली, स्वच्छ अक्षरात आडनाव लिहिलं. दुसऱ्या मजल्याच्या घंटीशेजारच्या चौकटीत एकाच पट्टीची जागा आहे. रिकेची पट्टी मागे सरकवून माझी पुढे बसवली. घट्ट बसली.

रिकेला सांगितलं, उद्या वर जाते आहे. ती म्हणाली, नको जाऊस. मग म्हणाली, लवकर ये.

तिचे केस विंचरून दिले. दोन वेण्या घातल्या, वसतिगृहात घालायचो तशा. हे इथे लिहून ठेवते. रिके. डाव्या भुवईवर व्रण. मोठ्याने हसते. रिके.


गुरुवार, १४ नोव्हेंबर

झाडलं. धूळ होती. बोटभर, तशीच. दाराला पाठ करायची नाही असं ठरवलं होतं, पण वरून खाली झाडायचं म्हणजे पाठ होतेच —

मागे दार उघडलं. श्वास नाही. फक्त कोरड्या काटक्यांचा वास.

पाटी हातात आली. सहज. इतकी हलकी —

खाली आणून आमच्या दारावर टांगली. माझी पाळी. आता त्याची नाही. रिकेला हाक मारते आहे —

हाक मारते आहे, पण ती —

कुणाला


शनिवार, १६ नोव्हेंबर

छान ऊन पडलं आहे. घर शांत आहे. खालचे दोन्ही मजले रिकामे असल्यामुळे जिना पूर्ण माझाच. एकटीसाठी जागा जरा जास्त आहे, पण खिडकीतून सगळी कढई दिसते, थेट द्राक्षमळ्यांपर्यंत.

आधीच्या भाडेकरूने बऱ्याच वस्तू मागे टाकल्या आहेत. दाराशी कुबड्या. खिडकीत दोर बांधलेली टोपली. न्हाणीघरात दुसरा दात घासायचा ब्रश, तो ओला कसा, ते कळत नाही. कंगव्यात लांब तांबूस केस, माझे नाहीत. सकाळी कॉफी केली आणि दोन कप मांडले. एक परत ठेवला. मग पुन्हा काढला.

वही उघडली तर आधीच्या पानावर एक नाव आहे, अक्षर माझंच. सुरुवातीला चिकटवलेलं पानही वाचलं. त्यात लिहिलं आहे की मी पाटी कुठल्या तरी चुकीच्या दारावर टांगली. कुठल्या, ते लिहिलेलं नाही. मला तसं काही केल्याचं आठवत नाही. मधली पानं संध्याकाळी निवांत वाचीन. आधी काम.

आज पाळी माझी आहे. वरून खाली झाडलं, कोपरे सोडले नाहीत, गल्लीतली शेवटची पायरीही केली. झाडण्यासारखं फारसं काही नव्हतंच. आता पाटी पुढे द्यायची, म्हणजे आठवडा संपला. खाली कुणी राहत नाही. राहता राहिलं माळ्याचं दार. तिथे खिळा आहे, बाकी दारांवर आहे त्याच उंचीवर, आणि समोरची फरशीही स्वच्छ आहे, म्हणजे कुणीतरी नांदतं. यावेळी चूक व्हायला नको. क्रम म्हणजे क्रम.

ओन्नो, दुपारी ही वही टपालात टाकते आहे. मला एकच गोष्ट कळव. रिके कोण? मी तिला ओळखत होते का? शनिवार, २३ नोव्हेंबरपर्यंत उत्तर दे. तेवढी पाटी वर टांगून येते आणि मग पाकिटावर पत्ता —